कापूसमित्र गेलं कुठे?

"सोळावा फोनही कोरा!" शेजारच्या अंकुशनं वहीत फुली मारली आणि पेन्सिल आपटली. "समीक्षा, तुह्या ताईचं ॲप्लिकेशन कोनतरी चोरून राह्यलं!"

"मोबाईलमधून चोरतात का पण?" हर्षानं विचारलं. ती समीक्षाची मावसबहीण. वय वर्षं दहा. वर्ध्याहून सुट्टीत वडनेरला आली होती आणि दिवसाला शंभर प्रश्न विचारायची.

समीक्षा मात्र रडायच्या बेतात होती. तिची प्रेरणाताई इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. सहा महिने खपून तिनं मोबाईलसाठी 'कापूसमित्र' तयार केलं होतं. उघडायचं आणि हिंगणघाटच्या बाजारातला कापसाचा भाव बघायचा! पुण्याच्या एका कंपनीनं तिला नोकरीला बोलावलंही होतं. पण बाबा म्हणजे रूपराव. त्यांनी रविवारी जेवताना जाहीर केलं होतं, "आठ दिवसांत गावातल्या पाच जणांनी आपल्या तोंडानं त्या यंत्राचं नाव काढलं, तं खुशाल पुण्याले जाय. नाई तं हिंगणघाटच्या शाळेत शिकवजो."

ताईनं त्याच दिवशी बावीस फोनांच्या मेमरी कार्डांत कापूसमित्र घातलं. आज बुधवार होता आणि सोळा फोनांतून ते नाहीसं झालं होतं. उरलेल्या सहांत तेवढं शाबूत होतं.

"मोठ्या मानसांले विचाराले गेलं का एकच उत्तर," अंकुश चिडून म्हणाला. "'आमाले काय मालूम!' अरे, फोन कोनाच्या खिशात असते? माह्या का?"

"मी एक विचारू?" हर्षा म्हणाली.

"नको!" दोघं एकदम ओरडले.

हर्षानं विचारलंच. "त्या सोळा फोनांत लग्नाचं ते एकच गाणं काऊन वाजते?"

खरंच की! सोळाही फोनांत तीच वरातीची धून. सहा फोनांत मात्र जुनीच गाणी.

"प्रफुलदादा!" समीक्षा किंचाळली.

बसस्टँडजवळ प्रफुलचं दुकान होतं. तो रिचार्ज मारायचा आणि मोबाईलच्या मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा. लग्नसराईत तर त्याला जेवायला फुरसत नव्हती. पण नुसत्या संशयावर जाऊन भांडण्यात अर्थ नव्हता, कारण मोठी माणसं लहानांसमोर चूक कबूल करत नाहीत. अंकुशनं आपल्या आजोबांचा फोन आणला. तानबाआबाजींचा फोन त्या सहांपैकी एक होता. आबाजींच्या लाडक्या ढवळ्या बैलाचा फोटो काढून मुलांनी त्याच कार्डात ठेवला आणि फोन दुकानात दिला.

अर्ध्या तासानं फोन परत आला. दोनशे गाणी आली होती. कापूसमित्र गेलं होतं, आणि ढवळ्याही गेला होता!

"प्रफुलदादा, कार्डातलं काही काढलं का तुमी?" समीक्षानं गोड आवाजात विचारलं.

"म्या? हात नाई लावला!"

"मंग आमचा बैल कुठी गेला?" अंकुशनं टेबलावर फोन आपटला. "अर्ध्या तासापैले होता!"

प्रफुल डोकं खाजवू लागला. "अरे, पैले कार्ड पूरं साफ करा लागते ना बे! जुना कचरा काढल्याबिगर नवे गाने कुठी बसतीन?"

कचरा! ताईची सहा महिन्यांची मेहनत कचरा! समीक्षा संतापानं पाय आपटत घरी निघाली.

ताईनं सगळं ऐकलं आणि चप्पल पायात सरकवली. "थांबा, त्या प्रफुलले पाहतोच मी आता!"

"ताई," हर्षा मध्येच म्हणाली, "त्या सोळा जणांतून एकानं तरी विचारलं का, माहं कापूसमित्र कुठी गेलं म्हणून?"

ताई दारातच थबकली. गाणं गेलं असतं तर गावानं डोक्यावर घेतलं असतं. कापूसमित्र गेलं आणि कोणाला पत्ताही नव्हता. समीक्षाला हर्षाचा रागच आला. खरं बोलायची ही वेळ होती का?

ताईनं चप्पल काढली नाही, पण प्रफुलकडे न जाता ती तानबाआबाजींकडे गेली. "आबाजी, खरं सांगा. भाव पाह्यला होता का कधी?"

"पोरी, कापूस तं फेब्रुवारीतच इकला. हा मे चालू आहे. घरात बोंड नाई, भाव कायले पाहू?"

"मंग मी फोनात टाकत होती तवा सांगतलं काऊन नाई?"

"तू विचारलंस कुठी? तू म्हटलं फोन द्या, म्या देला."

ताई ओट्यावरच बसली. स्वतः कापूस पिकवणाऱ्या घरातली मुलगी, आणि कापूस कधी विकतात हेच विसरली होती! कॉलेजात सहा महिने संगणकापुढं बसून तिनं सगळं केलं होतं, फक्त गावाला विचारायचं राहिलं होतं.

"मंग आता विचारू ना!" अंकुशनं वही उघडली.

गुरुवारी तिघं पिठाच्या गिरणीवर बसली. मोठ्यांना विचारलं की 'आमाले काय मालूम'च ऐकू येतं, म्हणून कोणाला काही विचारायचं नाही, लोक आपापसात काय विचारतात तेवढं लिहायचं, असं ठरलं होतं. दुपारपर्यंत पान भरलं. 'लाईन कवा येते?' एकेचाळीस वेळा! दळणाचे डबे रांगेत, ओलिताला मोटारी बंद, आणि गिरणीवाल्या देवकाबाई पदरानं वारा घेत लोडशेडिंगला शिव्या घालत होत्या.

अंकुशनं भर उन्हात सायकल हाणली आणि सबस्टेशनच्या फळ्यावरचं आठवड्याचं वेळापत्रक उतरवून आणलं. ताईनं ते नव्या ॲप्लिकेशनमध्ये बसवलं आणि शुक्रवारी दुपारी देवकाबाईंच्या हातात फोन दिला.

देवकाबाईंनी तो लांब धरला, जवळ धरला. "हे काय? नाव, गाव, तालुका, सर्वे नंबर... मी काय तहसीलात आली का?"

"पण मावशी, माहिती तर भरावीच लागते—"

"कायले? मले लाईन आहे का नाई ते सांग. अन् वाचता येत नाई मले. दिवा दाखव. असली तं हिरवा, नसली तं लाल. खाली आकडा टाक, किती वाजता बदलते त्याचा. आकडे येतेत मले."

"झालं?"

"झालं. बाकीचं कापून टाक."

ताईनं कपाळाला हात लावला. तिनं रात्री जागून बनवलेले नऊ रकाने एका गिरणीवालीनं मिनिटात उडवले होते! कुरकुरतच तिनं ते काढले. पण संध्याकाळपर्यंत बावीस फोनांत हिरवा-लाल दिवा बसला.

"दादा, आता हा दिवा काढायचा नाई हं!" समीक्षानं प्रफुलला बजावलं.

"टेन्शनच नाई!" प्रफुल म्हणाला. त्याचं लक्ष गाण्यांकडेच होतं.

रविवार उजाडला. बाबांचा आठवा दिवस. चहा होईस्तोवर एकानंही यंत्राचं नाव काढलं नव्हतं. ताई गुपचूप कपड्यांच्या घड्या घालत होती.

तेवढ्यात बसस्टँडकडून गलका ऐकू आला. "कोन भांडून राह्यलं सकाळी सकाळी?" म्हणत बाबा निघाले. पोरं पुढं धावली.

प्रफुलच्या दुकानाला गराडा पडला होता, आणि सगळ्यांत पुढं देवकाबाई!

"माहा हिरवा दिवा कुठी गेला? भजनं भराले देल्ता मोबाईल, दिवा काढाले नाई! पंधरा डबे लाईनीत लागले, लोकायले काय सांगू मी?"

"माह्याबी फोनातला गेला!"

"मोटार कवा लावू आता? दे परत!"

प्रफुल काउंटरमागं पार लपला होता. "सवयीनं साफ झालं जी कार्ड... सवयीनं!"

अंकुश बोटं मोजत होता. "काका, पाच... सहा... हे पाहा, नऊ!"

रूपरावांनी मागं वळून प्रेरणाकडं पाहिलं. ती धापा टाकत नुकतीच पोचली होती.

"म्या पाच जनानं नाव काढा म्हटलं होतं," ते म्हणाले. "हे तं नऊ जन भांडून राह्यले." आणि त्यांनी आपला फोन पुढं केला. "माह्यातबी टाक ते. अन् पुण्याची तारीख सांगजो, तिकीट काढा लागन."

ताईनं तिघांनाही एकदम कवटाळलं.

"हे पोट्टे नसते तं तू अजून कापसाचा भावच सांगत बसली असती," देवकाबाई म्हणाल्या आणि हर्षाच्या डोक्यावरून पिठाळ हात फिरवला. "हे लहानी लई विचारते. विचारू द्या तिले."

हर्षानं लगेच तोंड उघडलं. या वेळी तिला कोणीही थांबवलं नाही.

"प्रफुलदादा, ढवळ्याचा फोटो कधी परत देता?"