चारशे सतरा क्रमांकाची खुंटी

त्या सोमवारी माझ्याकडे काम तसं हलकंच होतं. अस्तानाहून आलेल्या रौशन नावाच्या इंजिनियर बाईंना आमचा जुना प्रोग्रॅम दाखवायचा आणि वेळच्या वेळी चहा द्यायचा.

कारागांडीजवळच्या एका कोळसा खाणीत मी दिव्यांच्या खोलीचा कारकून होतो. खाली उतरणारा प्रत्येक जण आपल्या क्रमांकाचा दिवा घेई आणि वर आल्यावर त्याच क्रमांकाच्या खुंटीला अडकवी. कितीजण खाली आहेत, ते प्रोग्रॅम मोजे. पाळी चारला सुटे. सहापर्यंत एखादा दिवा परतला नाही, तर भोंगा वाजे आणि बचाव पथक खाली उतरे. पथकात माझा जावई होता, दाउलेत.

प्रोग्रॅम तीस वर्षांचा, संगणकही त्याच वयाचा. दोघांनाही दम लागे. म्हणून तो क्लाउडवर, म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या यंत्रांवर, जसाच्या तसा चालतो का, हे रौशन तपासत होती. आमच्या साहेबांची समजूत अशी, की ती यंत्रं खरोखरच वर कुठेतरी टांगलेली असतात. मी ती मोडली नाही. पेन्शनला चारच महिने उरले होते.

रौशन मला आगा, म्हणजे काका, म्हणे. बुधवारी तिने विचारलं, "आगा, हा चारशे सतरा कोण? रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी खाली जातो, आणि चारला तुम्ही कळ दाबून त्याला परत आणता."

"कुणी नाही."

"कुणी नाही, तर रोज आणता कुणाला?"

मग सांगावंच लागलं. एकोणऐंशी सालच्या स्फोटात चारशे सतरा, एक म्हातारा खाणकामगार, खालीच राहिला, दिव्यासकट. पुढे प्रोग्रॅम आला, तेव्हा जुन्या वहीतला त्याचा क्रमांकही त्यात गेला, आणि त्याच्या खुंटीसमोर कपाट आलं. माझ्या आधीच्या वालेन्तिना पाक बाईंनी चार्ज देताना बजावलं होतं, 'चारला कळ दाबायची. का ते विचारायचं नाही.' बावीस वर्षं मी दाबली. विचारू नकोस, हा हुकूम कारकून फार मन लावून पाळतो.

रौशन हसली. "जुना कचरा आहे हा, आगा. शुक्रवारी शेवटची चाचणी. हाताने एकही नोंद नाही. ती कळच काढून टाकते."

"भोंगा वाजेल, बाई."

"वाजू दे. वाजतो का, तेच तर बघायचंय. पथकाचाही सराव होईल."

गुरुवारी जेवताना मी दाउलेतला म्हटलं, "उद्या सुट्टी घे."

"का? सासरेबुवा भुताला घाबरले म्हणून?" त्याने बेशबर्माकचा मोठा घास घेतला. "साउले, तुझ्या बाबांना पेन्शन जरा लवकर घ्यायला सांग!"

माझी मुलगीही हसली.

शुक्रवारी चार वाजले. बाहेर जूनचं लख्ख ऊन होतं. माझं बोट आपोआप उठलं, आणि कळच नव्हती. बोट तसंच राहिलं. पाच वाजले. हवा खेचणाऱ्या पंख्याची घरघर तेवढी चालू होती. साडेपाचला कपाटामागून ओल्या कोळशाचा वास येऊ लागला... उंदीर मेला असेल, असं रौशन म्हणाली. तो उंदराचा वास नव्हता.

सहाला भोंगा वाजला.

सहाजण उतरले. दाउलेतने जाताना मला डोळा मारला. सहा-बावन्नला लिफ्टचा पाळणा वर आला. मी दोनदा मोजले. सहाच. पाच जणांनी आपापल्या खुंटीला दिवे अडकवले. दाउलेत शेवटी आला, सरळ कपाटाकडे गेला, मागच्या फटीत हात घातला आणि न बघता दिवा अडकवला.

पडद्यावर आलं: चारशे सतरा, परत. दोनशे तेहतीस, खाली.

दोनशे तेहतीस म्हणजे दाउलेत.

"चुकीच्या खुंटीला अडकवला हो यांनी!" रौशन टाळी वाजवत म्हणाली. "पण बघा, कसं अचूक पकडलं!" तिने क्लाउडला पूर्ण गुण दिले, आणि शनिवारी दोन्ही क्रमांकांच्या नोंदी पुसून यादी स्वच्छ केली.

कपाटामागे खुंटी नेमकी कुठे आहे, हे मी दाउलेतला कधीच सांगितलं नव्हतं.

आता मी घरी असतो. साउले म्हणते, हल्ली हे किती शांत झालेत, थट्टासुद्धा करत नाहीत. चार वाजले की मी टेबलावरच्या मेणकापडावर बोट टेकतो आणि दाबतो. दोनशे तेहतीस, परत. दोनशे तेहतीस, परत...

काल दाउलेत समोर येऊन बसला. माझ्या बोटावर त्याने आपला गार तळवा ठेवला, आणि अगदी मायेने, हलक्या आवाजात म्हणाला,

"राहू दे रे, पोरा..."