मळेवाडीचा ताफा

श्रावणातला सोमवार, सकाळचे अकरा. कोल्हापुरातल्या एका दैनिकाच्या कचेरीत एक मुलगी वल्हं घेऊन शिरली. वल्हं तिच्यापेक्षा हातभर उंच होतं आणि अजून ओलं होतं. शिपायाने अडवलं तेव्हा तिने ते त्याच्याच हातात दिलं आणि विचारलं, "आरमार कुणी लिवलंय?"

शिपायाने वल्हं सावरत कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं.

मुलीचं नाव प्रियदर्शनी. गाव मळेवाडी, पंचगंगेच्या काठचं. कॉलेजचं शेवटचं वर्ष सुरू होतं आणि केसांतून पाणी टपकत होतं. टेबलामागचा तरुण सोमशेखर, जयसिंगपूरच्या हळद व्यापाऱ्याचा मुलगा. बापाचं दुकान सोडून तो बातम्यांच्या मागे लागला होता.

तिने त्याच्यापुढे त्या दिवसाचा अंक टाकला. "'घाटावरच्या शर्यतीसाठी यंदा मळेवाडीचे आरमार दोनच होड्यांचे.' हे तुमचं?"

"माझंच."

"आरमार लढाईला निघतंय. आमच्याकडं तोफा हायत व्हय?"

"मग काय लिहायला हवं होतं?"

"ताफा."

"ताफा मंत्र्यांच्या गाड्यांचा असतो."

"त्यातली एक गाडी मागं राहिली, तर मंत्री थांबतोय?"

"नाही."

"मग तो ताफा न्हवं. वरात हाय."

सोमशेखर हसला नाही. पण त्याच्या हातातलं पेन थांबलं, आणि त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. तिने नजर वळवली नाही. फक्त कपाळावरची ओली बट मागे सारली.

"आणि होड्या तीन हायत," ती म्हणाली. "दोन न्हवं."

चूक लहान नव्हती. घाटावर दर श्रावणात ताफ्याची शर्यत होई. गावागणिक तीन होड्या. तीन नसतील त्या गावाने काठावर बसून बघायचं. मळेवाडीच्या तिसऱ्या होडीवरची पोरं यंदा कुणी लष्करात, कुणी इचलकरंजीच्या यंत्रमागावर गेलेली. त्यांची वल्ही प्रियदर्शनीने आणि तिच्या मैत्रिणींनी उचलली होती. उन्हाळाभर त्यांनी हाताला फोड आणून सराव केला होता. पण शर्यत भरवणाऱ्या तालमीचे प्रमुख पिराजीराव म्हणाले, पोरींची होडी ताफ्यात धरायची न्हाय. सोमशेखरने होड्यांचा आकडा त्यांच्याकडूनच घेतला होता. आणि आता पिराजीराव विचारणाऱ्याला पेपर दाखवत होते: छापून आलंय की, दोनच.

"मळेवाडीला का न्हाय विचारलं?"

"फोन लावला होता. कुणी उचलला नाही."

"ग्रामपंचायतीत असतोय. कुलपात."

आता मात्र तो हसला. "दुरुस्ती छापतो. पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय तीन लिहिणार नाही."

"मग या की, पावणं. पवायला येतंय?"

"नाही."

"या तरी."

दुसऱ्या दिवशी तो कातडी बूट घालून आला. प्रियदर्शनीने त्याला बूट काढायला लावले आणि होडीच्या टोकाला, आपल्या समोर बसवलं. बारीक सर येत होती, जात होती. नदी लालसर, फुगलेली. आठ वल्ही एकदम पाण्यात पडली तशी होडी पुढे झेपावली, आणि सोमशेखरने दोन्ही हातांनी कड धरली.

"घाबरला व्हय?"

"होडी हलतेय."

"होडी न्हाय. तुम्ही हलताय." मागच्या पोरी खुसखुसल्या.

डोहापाशी पाणी संथ झालं. तिने वल्हं आडवं केलं.

"ताफा म्हणजे नक्की काय?" त्याने विचारलं. "तुमच्या गावात म्हणतात तसं सांगा."

तिने पलीकडच्या काठाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पूर आला की पलीकडच्या वस्तीतली माणसं, म्हशी आणायला तीन होड्या निघायच्या. एकटी होडी पुरात कुणी घालत न्हाय. संगट जायचं, संगट यायचं. एक जरी पाण्यात असली तरी बाकीच्यांनी घरला जायचं न्हाय... त्याला ताफा म्हणायचं."

तो जरुरीपेक्षा जास्त वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"ध्यानात राहील का लिवून देऊ?"

"राहील."

"किती दिवस?"

"विसरायचा... सध्या तरी विचार नाही."

तिने वल्हं इतक्या जोरात मारलं, की पाणी त्याच्या शर्टावर उडालं. मुद्दाम उडवलं का, हे मैत्रिणींनी नंतर पुष्कळदा विचारलं. तिने सांगितलं नाही.

गुरुवारच्या अंकात पिराजीरावांचा फोटो आला, फेट्यासकट. मथळा होता 'ताफा म्हणजे काय?' आणि खाली पिराजीरावांचंच उत्तर: "एका गावच्या तीन होड्या. संगट निघाल्या, संगट टेकल्या, तर ताफा. पुढची आली म्हणून ताफा आला न्हाय. मागची टेकली की आला." त्याखाली सोमशेखरने दोन वाक्यं जोडली होती. 'वल्ही कुणाच्या हातात असावीत, याविषयी पिराजीरावांनी अट सांगितली नाही. मळेवाडीच्या ताफ्यात तीन होड्या आहेत. सोमवारचा आकडा चुकीचा होता.'

पिराजीरावांनी कोपऱ्यावरच्या दुकानातले सगळे अंक उचलले आणि पाहुण्यारावळ्यांत वाटले. त्यानंतर शब्द फिरवणं त्यांना जड गेलं. संध्याकाळी मळेवाडीला निरोप आला: तिन्ही होड्या घेऊन या.

एक अडचण मात्र घरातलीच होती. प्रियदर्शनीचा थोरला भाऊ गुंडू दरवर्षी पहिली होडी हाकायचा. सगळ्यांच्या आधी घाटाला लागायचा, शहरातले लोक त्याला खांद्यावर घ्यायचे, आणि मळेवाडीची तिसरी होडी तेव्हा पुलाखाली धडपडत असायची. बक्षिसाची ढाल दुसऱ्याच गावाला जायची. मळेवाडीत वर्षभर गुंडूच्या पहिल्या नंबराचंच कौतुक चाले.

"दादा, यंदा तू मागं," ती म्हणाली.

"मी? आणि पोरी पुढं? तोंड दाखवायला जागा राहील का?"

"पुढच्या दोन होड्यांनी घुसळलेलं पाणी मागचीला येतंय. तिथं तुझंच दंड पायजेत. आमची होडी हलकी हाय, ती पुढं."

गुंडूने बापाकडे पाहिलं. आण्णा होडीच्या फटी डांबराने बुजवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "गळ्यात माळ पायजे का घरात ढाल, तेवढं ठरव."

गुंडू जेवला नाही. सकाळी मात्र सगळ्यांच्या आधी जाऊन त्याने आपली होडी दोन्हींच्या मागे लावली आणि तीत बसला.

रविवारी घाट माणसांनी भरला होता. इशारा झाला. पहिल्या वळणावर शेजारच्या गावाची पुढची होडी सुसाट सुटली. पुलावरून शिट्ट्या, आरोळ्या. "आगं ए, काठाला बघा," कुणीतरी पोरींना ओरडलं, "म्हशीबी तुमच्या पुढं चालल्या." प्रियदर्शनीने बघितलं नाही. ती मागची वल्ही ऐकत होती. गुंडूच्या होडीचा ठोका तिच्या ठोक्यावर पडत होता. तो मंद झाला की ती हात आवरत होती, तो जवळ आला की सोडत होती. दंड पेटले होते. पाऊस डोळ्यांत जात होता.

शेजारच्या गावाची होडी घाटाला लागली आणि फटाक्यांची माळ उडाली. गुलाल उधळला गेला. त्या गुलालातून मळेवाडीच्या तीन होड्या आल्या, एकीच्या शेपटाला दुसरीचं नाक. टक्, टक्... आणि गुंडूचा शेवटचा टक्. शेजारच्या गावाची तिसरी होडी अजून पुलाच्या सावलीत होती.

घाट गोंधळला. गुलाल उधळणारे हात थांबले. मग कर्ण्यातून पिराजीरावांचा आवाज आला, आधी खोकला, मग शब्द: "मागची होडी टेकली. मळेवाडीचा ताफा... पोचला."

पोरी पाण्यातच नाचल्या. गुंडूने बहिणीला उचलून पायरीवर ठेवलं आणि मिळालेली ढाल तिच्या हातात दिली. गर्दीतून वाट काढत सोमशेखर आला. त्याचे बूट चिखलाने भरले होते.

"सात वाजेपर्यंत बातमी द्यायची आहे," तो म्हणाला. "एक गोष्ट राहिली. छापायची नाही."

"विचारा."

"विचारायची नाही, सांगायची आहे. तुम्ही मला... तू मला आवडतेस."

ढालीवरचं पाणी तिने ओढणीने पुसलं. पुन्हा पुसलं. "खात्रीची बातमी हाय?"

"दोन्ही बाजूंनी पडताळायची पद्धत आहे. एक बाजू झाली."

"दुसरी पण..." ती खाली बघत म्हणाली, "तीच हाय."

वर तालमीचे ढोल वाजत होते. त्याला ऐकू आलं की नाही, अशी शंका येऊन तिने मान वर केली. त्याला ऐकू आलं होतं.

"पण आण्णांना तुम्हीच विचारायचं," ती म्हणाली. "आणि तुमच्या घरी?"

"अप्पांना सांगतो."

मंगळवारी दुपारी तो मळेवाडीला उतरला. वडिलांना, अप्पांना, सांगून झालं होतं. ते अजून काहीही बोलले नव्हते. आण्णांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "चला पावणं, पलीकडं जाऊन येऊ."

काठावर प्रियदर्शनी उभी राहिली, शेजारी तिची आई आक्का आणि गुंडू. नदीच्या मध्यावर आण्णांनी वल्हवणं थांबवलं. दोघं समोरासमोर. बोलणं चाललेलं दिसत होतं, शब्द येत नव्हते.

"आण्णा हसतोय का शिव्या देतोय?" गुंडूने विचारलं.

"पाठमोरं हायत," आक्का म्हणाली.

थोड्या वेळाने आण्णांनी वल्हं सोमशेखरच्या हातात दिलं आणि स्वतः हात बांधून बसले. होडी एकदा गोल फिरली. दुसऱ्यांदा फिरली. मग तिचं तोंड मळेवाडीकडे झालं, आणि ती वाकडीतिकडी का होईना, हलली.

होडी अजून पाण्यात आहे. काठावरचं कुणी घरी गेलेलं नाही.