रोजचा एक नकार

व्हॅनिलाच्या शेंगा घाम गाळतात. उन्हात तापवून घोंगडीत गुंडाळल्या, की मुकाट्याने, आतल्या आत.

वावाऊ बेटावर रविवारी कुणी साधा झाडूही उचलत नाही.

मोठ्या माणसाला 'नाही' म्हणायचं नसतं. 'हो' म्हणायचं, आणि मग आपल्याला हवं ते करायचं.

तोआकासे मावशीला तीन दात कमी आहेत, आणि गावातली सगळ्यात मोठी जीभ.

पावसाची सर आली की आधी घोंगड्या उचलायच्या. स्वतःचं डोकं नंतर.

तर त्या दुपारी सर आली, आणि नाइते शेडमधून अंगणात धावली. तिने घोंगडीचं एक टोक धरलं. दुसरं टोक कुणीतरी भलत्याच माणसाने धरलं होतं. चांगले बूट, भिजलेला पांढरा शर्ट...

"अहो नाही, असं नाही! शेंगा सांडतील! डोकं आहे की नारळ?"

"नारळच असावा," तो म्हणाला. "आत पाणी शिरलंय, एवढं नक्की."

तिला हसू आलं. घोंगडीची घडी घालताना चार हात जवळ आले, क्षणभर थांबले — आणि लांब झाले.

आत मावशीने तिचा दंड धरला. "अगं बये, ते नवे साहेब!"

कितिओने त्याचं नाव. आईबाप इथलेच, पण वाढला ऑकलंडला. मालकांनी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. मागच्या हंगामात अख्खा माल बुरशीने गेला. बुरशी चौदा जणांनी डोळ्यांनी पाहिली होती. जुन्या साहेबांनी विचारलं, "सगळं ठीक?" चौदा जण म्हणाले, "हो साहेब."

कितिओनेने पहिल्याच आठवड्यात परीक्षा घेतली. "उद्यापासून शेंगा पावसात वाळवू या?"

"हो साहेब."

तो डोक्याला हात लावून नाइतेच्या टेबलाशी आला. "या शेडमध्ये मला 'नाही' म्हणालेली तू एकटीच. आजपासून रोज एक 'नाही' मला हवं."

"आणि सुचलं नाही तर?"

"शोधायचं."

"चहा घेणार का साहेब?"

"घेईन. तू?"

"नाही."

"अरेरे... आजचं वाया घालवलंस!"

पुढे पुढे ती तो नकार जपून वापरायला लागली. सकाळी दिला तर कितिओने सकाळीच येऊन जायचा. दुपारपर्यंत राखला, तर दिवसभर वाट तरी पाहता यायची. शेंगा निवडताना तिचे कान दाराकडे. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांना व्हॅनिलाचा तपकिरी डाग... घरी गेल्यावर ती स्वतःचीच बोटं हुंगायची. वास तोच. माणूस कुठे?

हळूहळू इतरांनाही चव लागली. एके दिवशी तोआकासे मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाही. हा ढीग आज गुंडाळायचा नाही. ओला आहे." कितिओनेने तिला नाचवायचंच काय ते बाकी ठेवलं. ढीग वाचला.

आणि मग तो शुक्रवार.

चटईवर सगळ्यांची सभा. एका बाजूला बाया, समोर पुरुष. खुशीत आलेला कितिओने म्हणाला, "आज नाइते गप्प का? कुणाच्या प्रेमात पडलीय की काय?"

समोर तिचा चुलतभाऊ सेमिसी बसला होता. तो उठला. काही न बोलता बाहेर गेला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळेच.

दुसऱ्या दिवशी पुरुषांची टेबलं रिकामी.

"झालं काय?" कितिओने गोंधळला होता. "थट्टा केली मी."

"भावासमोर बहिणीच्या प्रेमाची थट्टा," नाइते म्हणाली. "भाऊ तिथे बसूच शकत नाही, साहेब. आणि बाकीचे त्याला एकटं पाडणार नाहीत."

"मग कुणी बोललं का नाही?"

"उठून गेले ना! याहून मोठ्याने कसं बोलायचं?"

 मग तो, इथे मान द्यायला बांधतात तशी, कमरेला चटई बांधून सेमिसीच्या अंगणात गेला, आणि मान खाली घालून मातीत बसला. ऊन चढलं. लोक जमले. साहेब मातीत! दुपारी सेमिसी बाहेर आला, त्याने त्याला खांद्याला धरून उठवलं, आणि आत नेऊन रताळं वाढलं.

सोमवारी सगळी टेबलं भरली. त्या हंगामात पहिल्यांदाच सेमिसी म्हणाला, "नाही साहेब, हे वजन चुकलंय."

महिन्याभरात बातमी आली. कितिओने चालला. राजधानीत दुसरी नोकरी. त्याच्या जागी — नाइते.

"शरमेने चाललाय," गाव म्हणालं. नाइतेला तेच टोचत होतं. माफी मिळाली होती, मग कशाला जायचं?

धक्क्यावर बोट लागलेली. रिमझिम. मावशी निरोपाची टोपली घेऊन जरा मागे. सेमिसी बोटीचा दोर सोडायला उभा.

"आता मी तुझा साहेब नाही," कितिओने हलकेच म्हणाला. "आता विचारू शकतो. पाहुणा म्हणून तुमच्या घरी आलो... तर चालेल?"

"इतके दिवस का नाही विचारलंत?"

"जिथे सगळे साहेबाला 'हो' म्हणतात, तिथे तुझं 'हो' मी खरं कसं मानलं असतं?"

"मी तर रोज 'नाही' म्हणत होते!"

"तेही माझ्याच हुकमावरून."

ती हसली, आणि डोळे भरून आले. "खरं सांगा. त्या शुक्रवारमुळे चाललात ना? जाता जाता नुसतं बोलून घेताय..."

भोंगा वाजला. त्याला चढावं लागलं. कठड्याशी उभा राहून तो तिच्याकडे पाहत राहिला. उत्तर राहिलं. दोघांचंही.

नाइतेने तोंड उघडलं — आणि मिटलं. सेमिसी चार पावलांवर होता. भावासमोर हे कसं बोलायचं?

सेमिसीने दोर सोडला. बहिणीकडे न पाहता हात झटकले, आणि धक्क्यावरून चालत चालत गोदामामागे दिसेनासा झाला.

"हो," नाइते म्हणाली.

"मला ऐकू आलं," मावशी मागून म्हणाली. "त्याला काय डोंबल येणार?"

"हो! ये! बोलावलंय मी... ये!"

बोट वळत होती. कठड्यावर एक हात वर झाला.

कितिओनेने राजीनामा त्या शुक्रवारच्या नऊ दिवस आधी लिहून पाठवला होता.