सरसाच्या कारखान्याची गाडी

शनिवारी सकाळी नॉर्मन थ्रेलफॉल शिडी लावून माळ्यावर चढला, तो एक दांडा शोधायला. पुढच्या शुक्रवारी रेल्वेवेड्या मंडळींसमोर त्याला ब्लॅकरिगच्या फाट्याच्या, म्हणजे तिथल्या जुन्या आडलाइनीच्या, आठवणी सांगायच्या होत्या. हातात दाखवायला काहीतरी असावं, एवढाच विचार.

दांडा हातभर लांब, लाकडी, टोकाला पितळी पट्टी. त्या फाट्यावर रुळांची एकच जोडी होती आणि असा दांडाही एकच. तो फाट्याच्या तोंडाशी, सिग्नलच्या केबिनमध्ये खुंटीला टांगलेला असे. खुंटीला असला म्हणजे लाइन बंद. केबिनवाल्यानं तो ड्रायव्हरच्या हातात दिला, की गाडीला आत जायची परवानगी. चालत्या इंजिनातून ड्रायव्हर हात बाहेर काढी, खालून केबिनवाला दांडा उंच धरी, आणि न थांबता तो या हातातून त्या हातात जाई. नॉर्मनला जगात त्याहून सुंदर काही वाटत नसे. एकदा तरी आपण असा दांडा द्यावा, ही त्याची जन्माची हौस.

बाकी त्या लाइनीवर सुंदर काहीच नव्हतं. तिथून जायची ती हाडं, खूर आणि कच्ची कातडी, दोन मैलांवरच्या सरसाच्या कारखान्यात उकळायला. मालडब्यांच्या, त्या वाघिणींच्या, फटींतून पिवळं पाणी गळे आणि अळ्या मुठीमुठीनं रुळांवर सांडत. पुढं कारखाना पाडला आणि त्या जागेवर घरं झाली. त्यातलंच एक नॉर्मनचं.

दांडा मात्र त्यानं चोरला होता. एकोणीस वर्षांचा होता तेव्हा, गाड्या बघायला केबिनमध्ये जाऊन बसे. ऑगस्टमधली शेवटची गाडी बाहेर सिग्नलला उभी होती, केबिनवाला हॅलीवेल पाठमोरा चहा ओतत होता. आठवण म्हणून नॉर्मननं दांडा कोटात घातला. दांडा नाही म्हणून ड्रायव्हर क्लेगनं गाडी हलवली नाही. चार दिवस ती वाघिणींची रांग उन्हात सडली. शेवटी माल तिथेच खड्ड्यात चुना टाकून पुरला. त्या चार दिवसांत क्लेग इंजिन सोडून गेला नाही. त्यातच आजारी पडला आणि महिन्याभरात वारला. नॉर्मन एकतीस वर्षं यातलं कोणापाशी बोलला नाही.

त्यानं दांड्यावर गुंडाळलेलं फडकं सोडलं. दांड्याला घाम आला होता. पिवळट, चिकट. पुसला, तर पुन्हा आला. आणि तो वास... जिभेवर साय धरावी तसा बसणारा.

मंगळवारपर्यंत तो वास लोण्यात होता, उशीच्या अभ्र्यात होता, डोरीनच्या केसांत होता.

"नॉर्मन, या घरात काहीतरी मेलंय," ती म्हणाली.

"गटार तुंबलं असेल."

"गटार मला ओळखता येतं. तीस वर्षं तुझे मोजे धुतेय मी." मग ती हसायची थांबली. "मला घास जात नाही रे. उद्या रात्रीपर्यंत हे गेलं नाही तर मी बहिणीकडे जाते. आणि परत यायचं काही सांगत नाही."

तिची बॅग जिन्याशी भरून उभी होती. दांडा कचऱ्याच्या गाडीत टाकून झाला होता. दुसऱ्या सकाळी तो परत माळ्यावर होता.

बुधवारी दुपारी नॉर्मन दांडा फडक्यात गुंडाळून हॅलीवेलला भेटायला वृद्धाश्रमात गेला. म्हातारा खिडकीशी चहात बिस्कीट बुडवत होता. नॉर्मननं खाली मान घालून सगळं सांगितलं.

"म्हणजे तू होतास होय!" हॅलीवेल म्हणाला. "आणि नोकरी माझी गेली. बरं सोंग केलंस, पोरा, दर नाताळात मला केक आणून देत होतास!"

"चुकलं माझं, मिस्टर हॅलीवेल. आता काय करू?"

"करायचं काय? जिथला तिथं ठेव. केबिन पडली, पण रुळांच्या जागी झालेल्या पायवाटेशी तिचा कोपऱ्याचा खांब उभा आहे. खुंटी त्यालाच आहे. तिथं लटकव आणि घरी जा." त्यानं नाक मुरडलं. "आणि तो आधी इथून ने. मला चहा पिऊ दे."

चार वाजता नॉर्मन तिथं पोचला तेव्हा धुकं उतरलं होतं. खांब सापडला. खुंटी गंजलेली, पण शाबूत. त्यानं दांडा तिच्यापर्यंत नेला आणि...

मागून वाफेचा सुस्कारा आला.

इंजिन अगदी हळू येत होतं. पायवाटेवर रूळ नव्हते, तरी चाकं सांध्यांवरून खडखडत होती. खाली काहीतरी टपटप सांडत होतं. धुक्यातून एक हात बाहेर आला. कोपरापर्यंत चरबीनं लडबडलेला, आणि त्यावरची कातडी सैल मोज्यासारखी हलत होती. पंजा उघडा, वाट बघणारा.

खुंटी वीतभर अंतरावर होती. पण हात कसा बाहेर आलाय, किती उंचीवर, हे नॉर्मनला दिसलं. अगदी तसाच... त्याची टाच आपोआप उचलली गेली, दंड वर गेला. दांडा या हातातून त्या हातात, न थांबता, सुरेख गेला.

क्षणभर तो लहान मुलासारखा हसला.

मग वाघिणी त्याच्या अंगाला वारा घालत शेजारून निघाल्या. त्याच्या गालावर काहीतरी मऊ पडलं आणि वळवळलं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, आपण काय दिलं. परवानगी. आणि लाइन कुठं संपते ते.

तो दोन मैल धावला. दोनदा ओकला. फाटक उघडं होतं, स्वयंपाकघराचं दारही. वास आता भिंतीसारखा उभा होता, डोळ्यांतून पाणी काढणारा. जिन्याशी बॅग नव्हती.

"डोरीन?"

"इथंच आहे की," ती आतून म्हणाली. आवाज प्रसन्न होता. "ये, ये. गेला बघ तो वास! बॅग रिकामी केली मी."

ती टेबलाशी बसली होती. मोठं पातेलं तिनं मांडीत घेतलं होतं. हनुवटी चकाकत होती. ती बोटं एकेक करून सावकाश चाटत होती.

"कसली भूक लागलीय म्हणून सांगू," ती म्हणाली. "भला माणूस होता हो, तो गाडीवाला. उद्याही आणतो म्हणाला. मी म्हटलं, आणा. दोघांना पुरेल असं आणा."