दारातले सात सेकंद

"कंपनी कधीच बंद पडली," मी दार अर्धंच उघडून म्हटलं. "काही मागणी-बिगणी असेल तर युनियनकडे जा."

दारात तो उभा. नखशिखांत निथळत... पण हातातली फाइल मात्र दोन-दोन पिशव्यांत गुंडाळून छातीशी धरलेली.

"बंद पडली?" तो गोंधळला. "ज्ञानू शेलार इथंच राहतात ना? त्यांच्या कंपनीचा इतिहास लिहितोय मी."

"तळोज्याच्या केमिकल कंपनीचा इतिहास? कोण वाचणार हो तो?"

तो हसायलाच लागला. आणि असा हसला, की मला राग यायच्या ऐवजी — जाऊ दे!

"केमिकल नाही हो. पॅराशूटवाली. एकाहत्तरच्या लढाईत विमानातून उतरली ती."

घ्या! सैन्यातून सुटल्यावर आजोबांनी तळोज्यात वीस वर्षं वॉचमनकी केली, मला ठाऊक असलेली कंपनी तीच. पलटणीतही शंभर-सव्वाशे जवानांची एक 'कंपनी' असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी जीभ चावली आणि टॉवेल आणून दिला.

शिवतेज त्याचं नाव. आमच्यासारखाच साताऱ्याकडचा. नेरूळच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा. त्याचे आजोबा सिताराम त्याच कंपनीत होते. ते परत आले नाहीत.

मग दर रविवारी तो आमच्या उलव्याच्या फ्लॅटवर यायला लागला. आई-बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, मी आणि आजोबा. त्यामुळे कुणी आलं की आजोबा खुलायचे. कोण घोरायचा, कोण भाकरीसाठी रडायचा, सगळं सांगायचे. मात्र त्या उडीचा विषय निघाला की एकच वाक्य. "वारा हुता. वाऱ्यानं पांगलो." आणि उठून आत जायचे.

एकदा त्याला स्टॉपपर्यंत सोडायला मी छत्री घेऊन गेले. एकाच छत्रीत दोघं, म्हणजे दोघंही अर्धे ओले.

"तुम्ही आजोबांसाठी येता की माझ्या पोह्यांसाठी?" मी विचारलं.

"पोहे... ठीकच असतात."

"बघा हं! मग कशासाठी?"

"आजोबांसाठी, असं वहीत लिहिलंय. बाकीचं... अजून लिहायचंय."

मी छत्री मुद्दाम माझ्याकडे ओढून घेतली. तो भिजत राहिला आणि हसत राहिला.

श्रावणात आम्ही दिवाळे गावच्या जेट्टीवर गेलो. ढगांनी खाडी काळवंडली होती, होड्या बांधून ठेवलेल्या. तोवर 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

"माझी आजी आहे ना, राहीबाई," तो म्हणाला, "ती आजवर गावात मान वर करून चालली नाही."

"का?"

"लढाईनंतर कुणीतरी रजेवर आला आणि बोलून गेला, सिताराम कंपनीपासून लांब सापडला. झालं! लांब सापडला म्हणजे पळत असणार. गावानं ठरवूनच टाकलं. आजीनंही तेच खरं धरलं." तो खाडीकडे बघत राहिला. "ते लांब का होते, एवढंच मला शोधायचंय. आणि मग... तुला आजीकडे न्यायचंय. येशील?"

हो म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण मी लाजले, आणि "सांगते" म्हणाले. मूर्ख!

घरी येऊन मी सगळं आजोबांना सांगितलं. ते एकदम ताठ बसले.

"पळत? सिताराम?"

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. नवा विमानतळ सुरू झाल्यापासून जातातच. आजोबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. आवाज विरेपर्यंत त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

"मंजे," ते म्हणाले, "मी अकरा नंबर. त्यो बारा. एकामागं एक उड्या टाकायच्या, मधी थांबायचं न्हाई. मी दारात आलो... आन् पाय हलंनात. सात सेकंद. शेवटाला दारापाशी हुबा असलेल्या उस्तादानं ढकललं मला. सात सेकंदांत इमान किती फुडं जातंय? मी दलदलीच्या काठावर पडलो. सिताराम माझ्या मागं. त्यो मधोमध पडला, गाळात बुडला."

"आणि वारा?"

"वारा नव्हता गं."

मला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला.

"त्याला सांगू नगंस," आजोबांनी हात जोडले. "मला मान वर ठिवून मरू दे."

"आणि राहीबाईंनी काय खाली घालून मरायचं?"

त्यांनी जोडलेले हात सोडले.

रात्रभर मी तळमळत होते. सांगितलं तर आजोबा दुरावणार, कदाचित शिवतेजही. नाही सांगितलं तर या खोट्यावर संसार कसा मांडायचा? रविवारी तो वर यायच्या आतच मी खाली गेले आणि सोसायटीच्या गेटपाशी सगळं सांगून टाकलं.

"किती सेकंद?" त्यानं विचारलं.

"सात."

"दर रविवारी मी त्यांच्या पाया पडत होतो, मंजुषा."

एवढंच बोलून तो वळला. पाऊस कोसळत होता. मी हाक मारली नाही.

तीन आठवडे फोन नाही, काही नाही. आजोबा माझ्याशी बोलत नव्हते, मी त्यांच्याशी. प्रेम होतं माझं त्याच्यावर, जीव जाईल इतकं. आणि ते त्याला सांगायचंही राहून गेलं होतं.

चौथ्या रविवारी बेल वाजली. तोच. त्यानं आजीला फोन लावला, मोबाइल स्पीकरवर टाकला आणि आजोबांपुढे धरला.

"आजीला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

आजोबांनी मोबाइल दोन्ही हातांत घेतला. बोलले, सगळं. सात सेकंदांसकट.

पलीकडून राहीबाई म्हणाल्या, "म्हंजे... पळत नव्हते?"

"न्हाई वैनी. इमानाच्या दारात माझ्या खांद्यावर हात ठिवून म्हनला, ज्ञानू, मी हाय मागं."

"चोपन्न वर्सं मी त्यांच्यावर रुसून बसले ओ," राहीबाईंचा आवाज फुटला. "लेकराला टाकून पळाले म्हनून. आता रुसवा सोडायला कुनाकडं जाऊ?"

आजोबा ढसाढसा रडले. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं.

जरा वेळानं पुन्हा आवाज आला. "शिव्या, त्या पोरीला घिऊन ये. खरं बोलली ती. पर तिच्या आजोबांना नगं आनू. मला बघवायचं न्हाई."

"बरोबर हाय त्यांचं," आजोबा म्हणाले.

जिन्यात शिवतेज थांबला. "तीन आठवडे तुझ्यावर रागवायचा प्रयत्न केला," तो म्हणाला. "नाही जमलं... प्रेम आहे माझं तुझ्यावर. पण त्यांचं नाव मी छापणार, मंजुषा."

"छाप," मी म्हटलं. "आणि माझंही आहे. प्रेम."

त्यानं माझा हात धरला. दोघांचेही हात गार होते.

गुरुवारी आम्ही साताऱ्याला निघालो. आजोबांनी राहीबाईंसाठी साडी आणली होती, ती माझ्या बॅगेत ठेवली आणि लगेच बाहेर काढली. "नगं. त्यांना आवडायचं न्हाई." मग माझी बॅग उचलून ते गेटपर्यंत आले, आणि तिथंच थांबले.