लायसन्सवरची तारीख

मोरॅग गिलिस सरकारी दारूच्या दुकानात शिरली ती एक वाइन घ्यायला. हॅलिफॅक्सहून चार तास गाडी चालवून कंबर धरली होती, बाहेर धुकं दाटलं होतं आणि पुढे बहिणीच्या गावापर्यंत दुसरं दुकान नव्हतं. पाच मिनिटांचं काम. पण रमच्या फळीसमोर एक उंच तरुण दोन हातांत दोन बाटल्या घेऊन वाट अडवून उभा होता.

“जरा...” ती म्हणाली.

“सॉरी हं.” तो बाजूला झाला आणि लगेच पुन्हा आडवा आला. “एक विचारू? एक्केचाळीस वर्षं लॉबस्टर धरलेल्या माणसाला यातली कुठली आवडेल?”

“कोण हा माणूस?”

“माझे बाबा. आज त्यांचा शेवटचा फेरा. पुढच्या हंगामापासून होडी माझी. संध्याकाळी सगळे खलाशी घरी येतायत, आणि त्या दिवशीची रम मुलानंच आणायची, अशी आमच्या धक्क्यावरची रीत.”

“मग ती काळी घ्या. दुसरी पाहुण्यांना दाखवायची असते, प्यायची नसते.”

तो मोठ्यानं हसला. त्याचं नाव कॉलम. वाइनच्या फळीपर्यंत तो तिच्याबरोबर आला, ती बहिणीकडे निघालीय हे त्यानं काढून घेतलं, तिची बाटली त्यानं आपल्याच टोपलीत ठेवून घेतली, आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

“मी सत्तावीसचा घोडा झालो, तरी काउंटरवरची बर्नडेट वय बघायला दर वेळी लायसन्स मागते. शाळेत मला पाढे शिकवलेत तिनं! तुझंही मागेल बघ.”

“माझं कशाला?”

“का? तू काय... माझ्याएवढीच ना?”

“अठ्ठावीस,” मोरॅग म्हणाली.

खरं तर ती चौतीस वर्षांची होती. आजवर तिनं वय कधी चोरलं नव्हतं. उलट वय चोरणाऱ्या मैत्रिणींची ती यथेच्छ टिंगल करायची. मग आजच जीभ कशी घसरली? कारण साधं होतं. हा मुलगा तिला आवडला होता, आणि सात वर्षांचं अंतर ऐकून त्याचं ते हसू आवरतं झालेलं तिला बघायचं नव्हतं.

बर्नडेटनं चष्म्यावरून आधी टोपलीकडे पाहिलं, मग दोघांकडे. “लायसन्स काढा. दोघांची.”

कॉलमनं आपलं पुढे केलं. मोरॅगचा हात पर्सवर गेला... आणि तिथंच थांबला.

“माझं... घरी राहिलं.”

“मग हिला नाही, आणि तुलाही नाही,” बर्नडेट कॉलमला म्हणाली. “बरोबर आलेल्यांपैकी एकाचं नसलं तर कुणालाच द्यायची नाही. नियम आहे.”

“बर्नडेट, आम्ही आत्ताच भेटलोय!”

“अर्धा तास फळ्यांमधून फिरत होतात. मी काय आंधळी आहे?” मग ती मोरॅगकडे वळली. “आणि काय गं पोरी, इथवर गाडी काय देवाच्या भरवशावर हाकलत आलीस?”

मोरॅगचे कान तापले. सहाला दहा मिनिटं कमी होती. सहाला दुकान बंद, उद्या रविवार.

कॉलम तिला एका शब्दानंही बोलला नाही. त्यानं काळी बाटली उचलली. “जाऊ दे. बाबांना सांगतो, यंदा चहावर भागवा.” तो हसला खरा, पण बाटली परत ठेवायला निघाला तेव्हा त्याचे खांदे पडले होते. ते मात्र तिला बघवलं नाही.

“थांब!”

तिनं पर्समधून लायसन्स काढलं आणि काउंटरवर ठेवलं, जन्मतारीख बोटानं न झाकता. बर्नडेटनं वाचलं, भुवई उंचावली आणि ते कॉलमच्या बाजूला सरकवलं.

त्यानं तारीख वाचली. “म्हणजे मी पहिलीत शाईनं हात बरबटत होतो, तेव्हा तू...”

“आठवीत.” तिनं श्वास घेतला. “खोटं बोलले मी. तू मला आवडलास, म्हणून. आणि त्यापायी तुझ्या बाबांची संध्याकाळ घालवत होते. माफ कर.”

मागे रांगेतलं कुणीतरी खाकरलं. कॉलमनं लायसन्स उचलून तिच्या हातात दिलं, पण हात लगेच सोडला नाही.

“रागावलोय मी,” तो म्हणाला. “वयावरून नाही. पण बाटली खरोखर हातची जात होती.”

“माहीत आहे.”

“मग भरपाई म्हणून घरी चल. बाबांना तूच ओतून दे. बहीण उद्या भेटली तर चालेल?”

“चालेल,” ती इतक्या पटकन म्हणाली की बिल करता करता बर्नडेटसुद्धा हसली.

बाहेर धुक्यात त्यानं आपल्या ट्रकचे दिवे लावले. मोरॅगनं काच खाली केली. “तिथं कुणी वय विचारलं तर?”

“खरं ते सांग,” कॉलम म्हणाला. “खोटं बोलणं तुला जमत नाही. आणि मला चौतीस चालतात.”

तिनं गाडी सुरू केली आणि त्याच्या मागोमाग धक्क्याच्या रस्त्याला वळवली.