अठरा हजार चारशे सोळा

"हा आकडा चुकलाय," तो म्हणाला. तेही हळूच नाही, अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं.

तामूच्या हातातली कोरणी थांबली. मराकेशच्या चांदी गल्लीत ती सात वर्षं बाच्या शेजारी बसून लग्नाच्या अंगठ्या कोरत होती. नवऱ्याच्या अंगठीवर एक आकडा, बायकोच्या अंगठीवर दुसरा. एका आकड्याला पूर्ण भाग देणारे सगळे लहान आकडे मिळवले की दुसरा येतो, दुसऱ्याचे मिळवले की पहिला. बहुतेकांना २२० आणि २८४ पुरायचे. या वेळी तामूने हट्टाने मोठी जोडी कोरली होती... १७२९६ आणि १८४१६.

"अठरा हजार चारशे सोळाचे मिळवले तर सतरा हजार दोनशे पंच्याण्णवच येतात. एक कमी पडतो."

इद्दर नाव त्याचं. बहिणीच्या अंगठ्या न्यायला आलेला, विद्यापीठात गणित शिकणारा. आणि वरून हसलाही. गालाला खळी पडली, आणि ती नेमकी दिसली म्हणून तामू आणखीच चिडली.

ती तोंड उघडणार, तोवर बाने कोरणी काढून घेतली. "आजपासून तू पॉलिश कर. आकडे मी बघतो."

विचारलंसुद्धा नाही.

दोन दिवस तिने चांदी अशी घासली, जणू इद्दरचं तोंडच घासतेय. तिसऱ्या दिवशी दुपारी तो अंगठ्या न्यायला परत आला.

"बस," ती म्हणाली. "मिळव. मोठ्याने."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"जिथे बोललास, तिथेच."

गिऱ्हाईकं थांबली. त्याने मांडीवर कागद घेतला. "दोन, चार, आठ, सोळा. अकराशे एक्कावन्न, तेवीसशे दोन, चार हजार सहाशे चार, नऊ हजार दोनशे आठ. झाले... पंच्याण्णवच."

"आणि एक?"

"एकाने तर सगळ्यांनाच भाग जातो, म्हणून मी—" तो थांबला. कान लालबुंद.

"म्हणून मोजायचाच नाही? जो कायम शेजारी असतो, तो धरायचाच नाही?"

हे बोलताना ती बाच्याकडे बघत होती. बाने मान खाली घातली.

इद्दर उठला. "चाचा, चूक माझी होती. तिचा आकडा बरोबर आहे. तिची कोरणी तिला द्या."

बाने कोरणी तिच्यापुढे ठेवली. मग स्वतःच्या ग्लासातला पुदिन्याचा चहा तिच्याकडे सरकवला.

"मलाही अंगठी हवीय," इद्दर हळूच म्हणाला. "सतरा हजार दोनशे शहाण्णव."

"एकटी विकत नाही. जोडीच असते."

"जोडीच दे. दुसरी... तुझ्या मापाची."

"माझा राग गेलेला नाही."

"माहितीय. रोज येऊन बसेन. जाईल तेव्हा जाईल."

तिने मापाची कडी त्याच्या बोटात खसकन घातली.

"आई गं... दुखतंय, तामू."

"दुखू दे."

मग तिने दुसरी कडी उचलली, आणि बाच्या देखत स्वतःच्या बोटात घालून पाहिली.